रस्ता उंच झाला, बळ्ळारी नाल्याकडचं घर खाली राहिलं: मृगाआधी काय काय करून घ्यावं?

शिवारकाठ

घर बेळगावात, शहापूर-वडगावच्या मधे, बळ्ळारी नाल्याकडे उतरणाऱ्या गल्लीत. जागा ३० बाय ४० फूट, नऊ इंची विटेची भिंत, वर स्लॅब. पुढचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा २५ सेंमी वर आला, त्यामुळे उंबरा आणि रस्ता जवळजवळ एकाच पातळीवर. गटार ४५ सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल. दणक्याचा पाऊस असला की रस्त्यावर पाणी साचायच्या आधीच न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. थोड्या वेळानं संडासातूनही. परसातल्या चेंबरमधून वास येतो म्हणून त्याचं झाकण सिमेंटनं बंद केलेलं आहे.

गल्लीत तीन सल्ले मिळतात: १ एचपीचा पंप घ्या, परसात शोषखड्डा मारा, उंबऱ्यावर दोन फूट कट्टा बांधा. पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय करावं? आणि पाऊसच आता कमी वेळात जास्त पडणार असेल, तर आज केलेलं काम दहा वर्षांनी पुरेल का?

लेव्हलपाईप

शिवारकाठ दादा, तिन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. घरात पाणी चार वाटांनी येतं: दारातून, ड्रेनेजमधून उलटं, जमिनीतून झिरपून आणि स्वतःच्या गच्चीवरून. प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा. कुठली वाट आधी उघडते, हे पातळी मोजल्याशिवाय कळत नाही.

गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, १० मिमी, १५ ते २० मीटर लांब. पाणी बादलीतून ओढून घ्या, नळाला लावून भरू नका, बुडबुडे राहतात. एक बुडबुडा राहिला तरी माप दोन-तीन सेंमीनं चुकतं, आणि तुमचा सगळा हिशेब तेवढ्याच फरकाचा आहे. उंबऱ्याचा माथा शून्य धरा. त्याच्या वर-खाली ही मापं घ्या: रस्त्याचा मधला उंचवटा, गटाराचा काठ, गटाराचा तळ, न्हाणीची जाळी, संडासाच्या भांड्याचा काठ, परसातल्या चेंबरचं झाकण. शेवटचं माप पुराच्या खुणेचं. २०१९ च्या आसळक्यात, म्हणजे आश्लेषाच्या पावसात, पाणी चढलं होतं तेव्हाची रेघ गल्लीतल्या एखाद्या जुन्या भिंतीवर अजून सापडते, ती तुमच्या शून्याशी जोडा.

मापं इथं टाका. गच्चीचा पाइप कुठं सोडलाय तेही सांगा.

शिवारकाठ

सगळी मापं सेंमीत. उंबरा ०. रस्त्याचा मध्य उणे १०. गटाराचा काठ उणे १८, तळ उणे ६३. न्हाणीची जाळी उणे ५. संडासाचं भांडं उणे २. चेंबरचं झाकण उणे ८. शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण अधिक १२.

गच्ची ९०० चौरस फूट. पाइप ४ इंची, त्याच परसातल्या चेंबरमध्ये सोडलेला.

लेव्हलपाईप

मग उत्तर तुमच्या मापांतच आहे. चेंबरचं झाकण न्हाणीच्या जाळीपेक्षा ३ सेंमी खाली. ते मोकळं असतं तर लाइन तुंबल्यावर पाणी आधी परसात आलं असतं. तुम्ही ते सिमेंटनं बंद केलंत, त्यामुळे दाबाला पुढची सैल जागा न्हाणीची जाळी. म्हणून रस्ता कोरडा असतानाही घरात पाणी.

त्यात गच्चीचं पाणी. ९०० चौरस फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. ताशी ५० मिमीच्या सरीत मिनिटाला ७० लिटर पाणी त्या बंद चेंबरमध्ये उतरतं. बाहेरची लाइन भरलेली असेल तर दहा मिनिटांत ७०० लिटर, आणि त्याला बाहेर पडायला न्हाणीशिवाय वाट नाही. काळं दिसतं कारण ते मैल्यात मिसळून येतं. पाणी निम्मं तुमच्याच गच्चीचं असू शकतं.

खात्री करायची तर कोरड्या दिवशी गच्चीवरच्या टाकीतलं हजारभर लिटर पाणी पावसाच्या पाइपमधून दहा-पंधरा मिनिटांत सोडा आणि न्हाणीकडे बघत थांबा. जाळीत पाणी चढलं तर तुमच्याच लाइनमध्ये अडथळा किंवा कमी उतार आहे. ११० मिमीच्या घरगुती लाइनला ४० ते ६० ला १ असा उतार हवा. नाही चढलं तर दोष बाहेरच्या लाइनचा.

आणि एक बघा. रस्ता वर आला तेव्हा गल्लीतल्या मॅनहोलची झाकणं वर घेतली, की काँक्रीटखाली गाडली? गाडली असतील तर सगळ्या गल्लीचा दाब रस्त्यावर फुटायचा सोडून घराघरांत शिरतो. वॉर्डात लेखी अर्ज देताना रस्त्याचं गाऱ्हाणं घालू नका. मॅनहोलची जागा दाखवणारा हाती काढलेला नकाशा जोडा. कुठं फोडायचं हे कळलं की काम लवकर हलतं.

नळकाम

व्हॉल्व्हबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात चुका फार होतात.

मैल्याच्या लाइनला लागतो तो झडपेचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पीव्हीसीचा, ११० मिमी. दुकानात गेल्यावर पुष्कळदा पंपाच्या लाइनचा स्प्रिंगवाला पितळी व्हॉल्व्ह हातात ठेवतात. तो स्वच्छ पाण्यासाठी असतो. मैला, केस, कापडाचे तुकडे अडकून तो एक तर उघडत नाही, नाही तर मिटत नाही. झडपेच्या व्हॉल्व्हला वरून उघडणारं झाकण असलंच पाहिजे.

जागा म्हणजे तुमच्या हद्दीतलं शेवटचं चेंबर, महापालिकेच्या लाइनला जोडण्याआधी. चेंबर आतून ६० बाय ६० सेंमी, म्हणजे हात घालून झडप साफ करता येते. बाण रस्त्याच्या दिशेला. व्हॉल्व्ह पातळीत बसवा, मागच्या अंगाला कलला तर झडप अर्धवट उघडीच राहते. बसवून गाडून टाकला तर दोन पावसाळ्यांत निकामी. मृग ते हस्त महिन्यातून एकदा झाकण काढून झडप बोटानं उचलून बघायची, रबर कडक झालं असेल तर बदलायचं.

आता मुख्य गोष्ट. झडप मिटली की बाहेरचं आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. त्या काळात मोरी, न्हाणी, वॉशिंग मशीन सगळं थांबवावं लागतं. आणि गच्चीचा पाइप चेंबरलाच जोडलेला असेल तर व्हॉल्व्ह बसवून तुम्ही स्वतःचं घर स्वतःच भरता. म्हणून गच्चीचा पाइप आधी तोडा, व्हॉल्व्ह नंतर. हा क्रम उलटा करू नका. पाइप बेंड लावून परसाच्या उघड्या नालीत किंवा पुढच्या गटारात सोडा. ४ इंची पाइप, दोन बेंड आणि क्लॅम्प, अर्ध्या दिवसाचं काम.

चेंबरच्या झाकणाचं सिमेंट फोडा. वास येतो म्हणून ते बंद केलंत, पण वासाचं कारण गली ट्रॅपमध्ये (मोरी-न्हाणीचं पाणी लाइनला मिळतं तिथं पाणी धरून वास अडवणारा तुकडा) पाणी न राहणं हे असतं. ट्रॅप दुरुस्त करा आणि झाकण नुसतं बसतं ठेवा. पातळी उणे ८ आहे ती चांगली आहे, रस्त्याच्या मध्यापेक्षा वर आणि न्हाणीपेक्षा खाली. नवीन झाकण घालताना ती तशीच ठेवा.

व्हॉल्व्ह बसेपर्यंत तात्पुरतं: न्हाणीच्या ट्रॅपमध्ये रबरी रिंग लावून ७५ मिमीचा पाइप उभा घट्ट बसवा, ६० ते ९० सेंमी उंच. पाणी पाइपात चढतं, जमिनीवर येत नाही. संडासाच्या भांड्यात प्लास्टिकच्या जाड पिशवीत भरलेली वाळूची गोणी दाबून ठेवायची आणि वर वजन.

गटाराचा हिशेब

दहा वर्षांनी पुरेल का, या प्रश्नाकडे येतो.

गटाराकडे येणारं पाणी काढायचं साधं सूत्र: क्षेत्र हेक्टरमध्ये गुणिले पाऊस ताशी मिमी गुणिले वाहण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून येतो तो), भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटर. तुमच्या गल्लीच्या गटाराकडे जिथलं पाणी येतं ती जागा दीड हेक्टर धरू. सगळं छप्पर, काँक्रीट आणि पेव्हर, म्हणून गुणांक ०.८. ताशी ३० मिमीला सेकंदाला १०० लिटर. ताशी ५० मिमीला १६७ लिटर.

आता गटार. ४५ बाय ४५ सेंमी, उतार ५०० ला १, साधं दगड-सिमेंटचं बांधकाम. स्वच्छ असेल आणि काठोकाठ वाहिलं तर सेकंदाला सुमारे १४२ लिटर. तळाशी २० सेंमी गाळ बसला तर सुमारे ६७ लिटर. म्हणजे स्वच्छ गटार ३० मिमीची सर सहज नेतं, ५० मिमीला थोडं कमी पडतं. गाळ भरलेलं गटार ३० मिमीलाच रस्त्यावर येतं. गाळ निम्म्यापेक्षा कमी, पण वहनशक्ती निम्म्याहून जास्त गेली.

हवामानाचा भाग यात कुठं बसतो? हवा १ अंश सेल्सिअसनं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालात हिशेब असा आहे: पूर्वी दहा वर्षांत एकदा पडायचा तसा एका दिवसाचा मोठा पाऊस जग १.५ अंश तापल्यावर दहा वर्षांत दीड वेळा येईल आणि सुमारे १०.५ टक्के जास्त पडेल. ही जगाची सरासरी, बेळगावची नेमकी संख्या नव्हे. पण आकार लक्षात येतो. तुमचे १६७ लिटर १८५ च्या आसपास जातात. गाळानं गेलेले ७५ लिटर आणि हवामानानं वाढलेले १८ लिटर शेजारी ठेवून बघा. हवामान बदल खरा आहे आणि त्याची तयारी हवीच, पण त्याच्या नावावर गटाराचा गाळ माफ करू नका.

गाळ काढताना खालून वर या. नाल्याच्या तोंडापासून सुरुवात, मग गल्लीकडे. वरून सुरुवात केली तर गाळ खालच्या मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जातं त्या वाटेत, जाऊन बसतो. मोऱ्यांमध्ये पाण्याचे पाइप आणि केबल आडव्या गेलेल्या असतात, त्यांना प्लास्टिक आणि फांद्या अडकून मोरी निम्मी बंद होते. बॅटरी घेऊन आत बघा. काढलेला गाळ काठावर ठेवला तर पहिल्याच वळवात परत आत, त्यामुळे त्याच दिवशी उचलून घ्या. बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी हा वेगळा आणि मोठा विषय. नालाच भरून उभा असेल तर गल्लीचं गटार कितीही स्वच्छ असो, पाणी उलटं येतं. तेव्हा गटाराचा उतार उपयोगाचा नाही, नाल्यातल्या पाण्याची पातळी काय आहे तीच खरी.

पावसाचे आकडे वाचताना एक काळजी. २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' अशी हवामान खात्याची विभागणी. पण १०० मिमी दिवसभर रिपरिप पडला तर शिवार पितं, दोन तासांत पडला तर गल्ली बुडते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) आणि ग्रामपंचायत पातळीवर आहेत. नाल्याच्या वरच्या अंगाचं, येळ्ळूर-धामणे बाजूचं माप बघत जा. तिकडे पडलेलं पाणीच तुमच्याकडे येतं.

जांभादगड

शोषखड्ड्याबद्दल: तुमच्या भागात नको. टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प अशा उंचावरच्या भागात, जांभ्याच्या जमिनीत तो उत्तम चालतो. भातखाचराच्या काठावर तरण्या (पुनर्वसू) पावसातच भूजल जमिनीच्या वर-वर आलेलं असतं, त्यामुळे म्हाताऱ्या (पुष्य) आणि आसळक्या पावसात खड्डा आधीच भरलेला. भरलेल्या खड्ड्यात आणखी पाणी सोडलं तर ते पायाकडे झिरपतं.

परसात जुना आड असेल तर तो बुजवू नका. मात्र पुराचं पाणी आत जाऊ नये म्हणून कठडा पुराच्या खुणेपेक्षा किमान ३० सेंमी वर घ्या.

जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण कुठल्या पातळीला आहे? ते पुराच्या खुणेच्या खाली असेल तर पुरात टाकी दूषित झाली असंच समजा. आणि पूर येणार म्हणून ती उपसून रिकामी ठेवू नका. भोवती भूजल वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते, तळाला तडे जातात. भरलेली ठेवा. पूर ओसरल्यावर उपसा, घासा, ताजं पाणी भरा. ५००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १ किलो आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत घाला. १२ तास ठेवून ते पाणी टाकून द्या. नंतर रोजच्या वापराला १००० लिटरला २.५ ग्रॅम पावडर, एक तास थांबून मग वापर. जिथं पाणी काही दिवसांआड येतं तिथं रिकाम्या जलवाहिनीत गटाराचं पाणी ओढलं जातं, म्हणून पुरानंतरचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका.

मागवाला

वडगाव-खासबागकडं घरातच माग हायत, त्यांच्यासाठी लिहितो. हातमागाच्या खड्ड्यात आधी पाणी भरतं, कारण तो जमिनीच्या खाली. नाला चढूलालाय असं कळलं की पहिला बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, वर काढायचा. भिजलेला ताणा चिकटतो, खळ सुटते, मग तो बीम वाया. यंत्रमागाची मोटर खाली असते. स्टार्टर आणि स्विचबोर्ड जमिनीपासून १.२ मीटरवर घ्या. तळमजल्याची आणि माळ्याची वायरिंग वेगवेगळ्या एमसीबीवर करा, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. मीटर खाली असेल तर वर घ्यायला हेस्कॉम या वीज कंपनीकडं अर्ज लागतो, स्वतः हलवू नका.

पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. पाणी अंगणात असतानाच बंद करा. बुडालेली मोटर वाळल्यासारखी दिसली म्हणून चालू केली की जळते. उघडून, सुकवून, ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगओमच्या खाली असेल तर परत सुकवा.

लेव्हलपाईप

आता कट्टा आणि पंप. पुराची खूण अधिक १२. तुम्हाला दोन फूट कट्ट्याची गरजच नाही, रोज ओलांडून म्हातारी माणसं पडतील. दाराच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे सी-चॅनेल बसवा, त्यात १९ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूडची ४५ सेंमी उंच फळी, खाली आणि बाजूला स्पंजासारख्या रबराची पट्टी. फळी वरून पाचरीनं दाबली जाते. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांना. चॅनेलमागचा प्लास्टर पोकळ असेल तर पाणी तिथून येतं, आधी ठोकून बघा.

६० सेंमीच्या वर पाणी अडवायचा प्रयत्न करू नका. ६० सेंमी पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटरला सुमारे १८० किलो रेटतं, १२० सेंमी पाणी ७२० किलो. उंची दुप्पट, रेटा चौपट. त्याच्या वर पाणी आत येऊ द्या आणि माणसं बाहेर काढा. गल्लीत ज्यांच्या भिंती मातीच्या आहेत त्यांनी फळी लावूच नये, पाणी दिसलं की घर सोडावं. मातीची भिंत पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावरही कोसळते, म्हणून लगेच आत झोपायला जायचं नाही.

पंप सगळ्यात शेवटी. फळी आणि व्हॉल्व्ह नसताना पंप लावला तर उपसलेलं पाणी रस्त्यावरून परत आत येतं. ते दोन्ही असतील तर झिरपणाऱ्या पाण्यापुरता अर्धा एचपी पुरतो.

वेदगंगाकाठ

निपाणी, चिकोडीकडच्यांनी हा धागा वाचून गफलत करू नये. हा नाल्याचा पूर, दोन तासांत चढतो. यमगर्णीला महामार्गावर येतं ते वेदगंगेचं पाणी. दूधगंगा, कृष्णा यांचा पूर दिवसांच्या हिशेबानं येतो. तिथं राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग आणि कल्लोळची पातळी बघायची, सामान आणि जनावरं हलवायला वेळ मिळतो. तिथं दाराच्या फळीचा उपयोग नाही.

शिवारकाठ

सगळ्यांचे आभार. टाकीतलं पाणी सोडून बघितलं, ४०० लिटरलाच न्हाणीत चढलं. म्हणजे लाइनही तुंबलेली आहे. पाइप उद्या तोडतो. अजून एक: मागचं भाताचं शेत गुंठ्यानं विकायला निघालंय. भराव पडला तर?

गटाराचा हिशेब

पडला तर तुमचं अधिक १२ बदलेल. एक एकर खाचरात बांधाआड आणखी १० सेंमी पाणी मावतं असं धरलं तरी ते ४ लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. भराव घातला की तेवढं पाणी दुसरीकडे जातं, आणि खालची जागा तुमची आहे.

पहाणी (कर्नाटकातला सात-बारा) काढा आणि 'ब खराब' किती गुंठे लिहिलंय ते बघा. नाला, ओहोळ, गाडीवाट हे त्यात येतं, ती जमीन विकता येत नाही. दिशांक ॲपवर सर्व्हे नंबरची हद्द आजच्या नकाशावर दिसते, ओहोळ कुठून जात होता हे तिथं कळतं. बिगरशेती परवाना आणि बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी नसेल तर भराव पडायच्या आधी सर्व्हे नंबर लिहून हरकत द्या. हलगा-मच्छे बायपास शिवारातून गेलाय, त्याच्या भरावाखालच्या मोऱ्या किती आणि किती रुंद हेही मोजून अर्जात लिहा.

नळकाम

४०० लिटरला चढलं तर व्हॉल्व्हच्या आधी लाइन साफ करून घ्या. दोन्ही चेंबर उघडून बांबूच्या कामट्या किंवा स्प्रिंग रॉड खालच्या चेंबरमधून वर घाला. रॉड जिथं अडतो तिथंपर्यंतची लांबी मोजा. दर वेळी त्याच मापाला अडला तर पाइप खचलाय किंवा झाडाचं मूळ शिरलंय, तेवढाच तुकडा उकरा. साफ झाल्यावर पुन्हा हजार लिटर सोडून बघा, जाळीत थेंबही चढला नाही की मग व्हॉल्व्ह आणा.